घाम गाळणारे भांडे

श्रोतेहो, मोठ्या शहरातल्या विजेच्या वस्तूंच्या दुकानात गेलात तर फ्रिजच्या रांगेच्या टोकाला काचेच्या दाराचे एक लहानसे कपाट उभे दिसते. आत मंद दिवा, लाकडी फळ्या आणि फळ्यांवर आडव्या निजवलेल्या बाटल्या. हा वाइन कूलर. नाशिकच्या द्राक्षांची वाइन निघू लागली, २००१ साली महाराष्ट्र सरकारने त्या उद्योगासाठी धोरण आणले, आणि हळूहळू हे कपाटही काही मराठी घरांत जाऊन बसले. ते घ्यावे की नाही, घ्यायचे तर कोणते, हे सांगण्याचा माझा अधिकार तसा तोकडाच. मी वाइन पीत नाही. पण गझल लिहिणारा माणूस असल्यामुळे सुरई आणि साकी यांच्याशी माझा आयुष्यभराचा कागदोपत्री संबंध आहे. म्हणून आज सुरईबद्दल बोलतो. कवितेतल्या नव्हे, घरातल्या.

सुरई हा शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आला. 'सुरा' या संस्कृत शब्दाशी त्याचे नाते जोडण्याचा मोह होतो, पण तसे नाते नाही. दोघांचे चेहरे तेवढे सारखे. आपल्याकडचा 'खुजा' हाही मूळचा फारसी 'कूजा'. कवितेत सुरई म्हणजे मद्याचे भांडे. मराठी घरात मात्र सुरई म्हटले की कुणाच्याही डोळ्यांपुढे पाणीच येते. कवितेतून घरात येताना उंबरठ्यावर तिच्यातले मद्य सांडले आणि पाणी भरले गेले. हे कुणा मौलवीने केले नाही की कुणा कायद्याने केले नाही. आमच्या उन्हाळ्याने केले.

आता वाइन कूलर विकणारा गृहस्थ गिऱ्हाइकाला विचारतो, "बाटल्या किती ठेवायच्या?" खरा प्रश्न तो नाही. बहुतेक वाइन बारा ते चौदा अंश सेल्सिअसवर, तेही चढउतार न होता, सुखाने राहते. ही कपाटे दोन जातींची असतात. एकीत नेहमीच्या फ्रिजसारखा कॉम्प्रेसर असतो. दुसरीत कॉम्प्रेसर नसतो. झाँ पेल्तिए या फ्रेंच माणसाने १८३४ साली दाखवलेल्या तत्त्वावर, विजेच्या प्रवाहाने एक बाजू गार आणि दुसरी गरम करणारी चकती असते. ती आवाज करत नाही, थरथरत नाही. पण तिची ताकद बेताची. खोलीत जेवढे ऊन असेल त्याच्या फार तर पंधरा-वीस अंश खाली ती जाणार. युरोपातल्या खोलीत तेवढे पुरते. आमच्या लातूर-नांदेडच्या मे महिन्यात खोलीच बेचाळीस अंशांवर गेली तर ती बापडी काय करणार? म्हणून पहिला प्रश्न असा : तुमचे घर कुठे आहे, आणि तिथली हवा कशी आहे? गार ठेवणारे कुठलेही भांडे निवडताना याच प्रश्नापासून सुरुवात करावी लागते. माठालाही तोच नियम.

गारव्यासाठी माणसाने काय काय केले! अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त बादशहाच्या आबदारखान्याचे वर्णन आहे. जो सोरा बंदुकीच्या दारूत आग ओकतो, तोच तिथे पाण्यात विरघळवून त्यात पिण्याच्या पाण्याचे भांडे फिरवत आणि पाणी गार करत. मराठेशाहीच्या अठरा कारखान्यांच्या यादीतही आबदारखाना आहे. पुढे १८३३ साली तर अमेरिकेतल्या बोस्टनहून गोठलेल्या तळ्यांचा बर्फ जहाजात भरून कोलकात्याला आणला. वाटेत बराच वितळला, उरलेला साहेबांच्या पेल्यांत पडला. १९५८ साली गोदरेजचा फ्रिज आला. या सगळ्या गारव्यामागे नोकर, जहाज नाही तर वीज राबत होती. कुंभाराचा माठ तेवढा कोपऱ्यात बसून एकटा राबत होता.

तो कसा राबतो? मी बी.ए. झालेला माणूस, तेही साहित्य घेऊन. तरी हे शास्त्र मला कवितेइतकेच आवडते. माठाच्या भिंतीत डोळ्यांना न दिसणारी भोके असतात. कुंभार मातीत राख, लीद किंवा भाताचे तूस मिसळतो. भट्टीत ते जळून जाते आणि त्याची जागा रिकामी राहते. त्या रिकाम्या जागेतून पाणी झिरपून बाहेर येते आणि वाऱ्याने उडून जाते. उडून जायला त्याला उष्णता लागते, ती ते आतल्या पाण्यातून घेते. हिशेब केला तर एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. म्हणजे दहा लिटर पाणी पंधरा अंशांनी गार करायला जेमतेम पाव लिटर पाणी उडावे लागते. प्रत्यक्षात थोडे जास्त उडते, कारण बाहेरचे ऊन सतत आत घुसत असते. थोडक्यात, माठ स्वतःजवळचे थोडे देऊन टाकतो आणि उरलेले गार ठेवतो.

इथे वाइनची एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचे नाव येते. तगरचा माल पैठणच्या बाजूने भडोचच्या बंदराला जाई, आणि त्याच बंदरात परदेशातून वाइन उतरे. इटलीच्या वाइनला जास्त पसंती, असे तो लेखक नोंदवतो. ती वाइन येई मातीच्या उंच, दुकानी रांजणांतून. पण त्यांना आतून डांबरासारखी राळ फासलेली असे. थेंबही बाहेर येता कामा नये! माती तीच, कुंभाराचे चाक तेच. पण वाइनचे भांडे न झिरपणारे हवे आणि पाण्याचे भांडे झिरपणारे. बाजारात माठ निवडताना हे एवढे लक्षात ठेवले तरी निम्मे काम झाले. जो माठ घाम गाळत नाही, तो वाइनला चांगला, पाण्याला नाही.

आणि याच तेरचे आपले गोरोबाकाका. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईच्या सांगण्यावरून त्यांनी थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर मारून कोणते मडके पक्के, कोणते कच्चे ते पाहिले. नामदेव कच्चे निघाले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. माठ घेतानाही तेच करायचे. डाव्या हाताच्या तळव्यावर किंवा गवताच्या चुंबळीवर माठ ठेवा आणि बोटाच्या पेराने टिचकी मारा. खणखणीत नाद आला तर माठ नीट भाजलेला आहे, त्याला तडा नाही. बद्द आवाज आला तर एक तर तो कच्चा आहे, नाही तर कुठेतरी चिरलेला आहे. आवाज फसवा वाटला तर माठ उन्हाकडे धरून आत डोकवा. बारीक भोकातून प्रकाश आत आला की समजा.

दुसरी परीक्षा पाण्याची. बोट ओले करून माठाच्या अंगावर फिरवा. ओल लगेच पिऊन टाकली तर भोके मोकळी आहेत. पाणी वर तसेच चमकत राहिले तर सोडून द्या. कुंभार ओळखीचा असेल तर तो माठात पाणी ओतूनही दाखवतो. थोड्या वेळाने अंग ओलसर व्हायला हवे, पण थेंब टपकता कामा नये.

लाल घ्यावा की काळा, यावर आमच्याकडे घराघरांत दोन पक्ष आहेत. भट्टीत भरपूर हवा मिळाली की मातीतले लोह लाल होते. भट्टी कोंडून धूर आत ठेवला की भांडे काळे होते. गारवा रंगावर नाही, भोकांवर अवलंबून असतो. पण अलीकडे माठांवर तैलरंगाने वेलबुट्टी काढतात, चकचकीत झिलई करतात, त्यापासून सावध राहा. जिथे रंग बसला तिथे भोके बुजली. असा माठ दिवाणखान्यात शोभेल, तहान भागवणार नाही. गेरू किंवा मातीच्या रंगाची एखादी पट्टी असेल तर बिघडत नाही.

तिसरी गोष्ट तोंडाची. सुरईची मान अरुंद, त्यामुळे तिच्यात कुणाचा हात किंवा खरकटा पेला बुडत नाही. पण आतून घासताही येत नाही. माठाचे तोंड रुंद, आत हात घालून धुता येतो. पण मग झाकण हवे आणि लांब दांड्याचे ओगराळे हवे. हल्ली तोटीचे माठ मिळतात. घरात लहान मुले, म्हातारी माणसे असतील तर मी म्हणेन, तोटीचाच घ्या. सत्तर वर्षांच्या हाताला वाकून ओगराळे उचलणे जड जाते, आणि जड गेले की माणूस पाणी पिण्याची टाळाटाळ करतो. एक मात्र लक्षात असू द्या : माठ पाणी गार करतो, शुद्ध करत नाही. पाणी आधीच गाळलेले, उकळलेले किंवा खात्रीचे हवे. रोज शिळे पाणी काढून माठ नुसत्या पाण्याने आणि काथ्याने धुवावा. साबण लावू नये, भोके तोही पिऊन बसतात.

चौथी गोष्ट आकाराची. लोकांना वाटते, मोठा माठ म्हणजे जास्त गार पाणी. पण मोठ्या माठातले पाणी गार व्हायला जास्त तास लागतात, आणि घरात माणसे जास्त असली की गार होण्याआधीच ते संपते. त्यापेक्षा दोन मध्यम माठ बरे. एक पिण्याला, एक मुरायला. रात्री भरून ठेवावा, सकाळी हवा तापायच्या आत तो गार झालेला असतो. नवा माठ आणल्यावर एक-दोन दिवस नुसता भरून ठेवावा आणि ते पाणी झाडांना घालावे. ठेवायचा कुठे? उन्हात नाही, पण वाऱ्याला. खिडकीजवळ, तिवईवर, बुडालाही हवा लागेल असा. आमच्याकडे रांजण ओल्या वाळूवर बसवत आणि त्या वाळूत धने पेरत. पाझराच्या पाण्यावर कोथिंबीर उगवे.

पाचवी गोष्ट वयाची. आपल्या बोअरचे पाणी क्षाराचे. तो क्षार माठाच्या अंगावर पांढरा फुटतो आणि हळूहळू भोके बुजवतो. म्हणून माठ एक-दोन उन्हाळ्यांचा सोबती. तो जुना झाला की त्यात झाड लावा आणि पिण्यासाठी नवा आणा. आजीचा माठ, पणजीचा माठ असा वारसा सांगण्याची ही वस्तू नव्हे.

आता कोकणातले आणि मुंबईतले श्रोते म्हणतील, आमच्याकडे तर माठ काही गार करत नाही. बरोबर आहे. हवा कोरडी असेल तर पाणी भराभर उडते. बाहेर चाळीस अंश आणि हवेत वीस टक्के आर्द्रता असेल तर ओल्या वस्तूचे तापमान बावीस अंशांच्या आसपास उतरू शकते. माठ त्याच्या जरा वर थांबतो. मुंबईत तेहेतीस अंश आणि सत्तर टक्के आर्द्रता असली तर ते अठ्ठावीसच्या खाली जाऊच शकत नाही. तिथे माठ हे मुख्यतः मातीच्या चवीचे भांडे.

पण यातून एक गंभीर गोष्ट निघते, ती कृपा करून ऐका. आपले शरीर हाही एक माठच आहे. आपणही घाम गाळतो आणि तो उडाला की गार होतो. ज्या दिवशी माठाचे अंग ओलेचिंब असूनही पाणी गार होत नाही, त्या दिवशी आपला घामही उडत नाही, नुसता वाहतो. त्या दिवशी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला, तान्ह्या मुलाला, उन्हात काम करणाऱ्याला धोका जास्त. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मोकळ्या मैदानावर भरलेल्या कार्यक्रमात उष्माघाताने माणसे दगावली. पारा काही विदर्भासारखा पंचेचाळीसवर नव्हता. केवळ पाऱ्याकडे पाहून उन्हाळा कळत नाही. माठाकडे पाहिले तर थोडा कळतो.

फ्रिज असताना हे कशाला, असे कुणी विचारील. माझे फ्रिजशी वैर नाही, आमच्या घरातही आहे. पण ज्यांनी २००५ नंतरच्या काही वर्षांतले ग्रामीण महाराष्ट्राचे भारनियमन पाहिले आहे, दहा-दहा, बारा-बारा तास वीज नसलेले घर पाहिले आहे, त्यांना विचारा. ऐन दुपारी फ्रिज म्हणजे बंद कपाट होई आणि माठ तसाच चालू असे. २००१ च्या भुजच्या भूकंपानंतर एका गुजराती वर्तमानपत्राने फुटलेल्या माठाचे छायाचित्र छापून गरिबाचा फ्रिज फुटल्याचे लिहिले. ते वाचून वांकानेरच्या मनसुखभाई प्रजापती या कुंभाराने खरोखरच मातीचा, विजेविना चालणारा फ्रिज बनवला. नायजेरियातल्या मोहम्मद बाह अब्बा या शिक्षकाने एका मडक्यात दुसरे मडके आणि मधल्या फटीत ओली वाळू अशी जोडी तयार केली, तिच्यात भाजी दिवसांऐवजी आठवडे टिकू लागली. २००० साली त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला. तेही कुंभाराच्याच घरातले. भाजीची चिंता असेल तर ही जोडी घरी कुणालाही करता येते.

शिवाय गारव्यालाही मर्यादा हवी. २०१९ मध्ये रमजान मे महिन्यात आला होता. पंधरा तासांच्या उपवासानंतर फ्रिजचे पाणी घशाला चटका देते. घोटभर पिऊन माणूस थांबतो. आमच्या अम्मी मगरिबच्या आधी सुरईचे पाणी पेल्यात काढून ठेवत. ते पोटभर पिता येते. तहानेला बर्फ नको असतो, पाणी हवे असते.

एक अडचण मात्र खरी आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. ज्या घरात पाणी घागरीने मोजले जाते, तिथे झिरपून उडणारे पाणीही डोळ्यांत भरते. तेव्हा कितीतरी घरांत माठाऐवजी प्लास्टिकच्या बरण्या आल्या. त्यांना दोष देता येत नाही. पण हिशेब सांगतो की दहा लिटरमधले थोडेच पाणी जाते, आणि त्याच्या मोबदल्यात उरलेले पाणी पिण्याजोगे राहते. टंचाईत माठ लहान घ्यावा, सावलीत ठेवावा, पण ठेवावा.

आता शेवटची निवड, आणि ती सगळ्यांत अवघड. माठ घरात कुठे ठेवायचा हे सांगितले. पण त्यातले पाणी कुणी प्यायचे? आपल्याकडे धातूचे भांडे घासून शुद्ध होते, मातीचे होत नाही, असे मानत. त्यामुळे नको त्याचा हात लागला की माठ फोडायचा. ज्या मातीने सगळ्यांना सारखा गारवा दिला, तिच्याच भांड्यावर आपण सगळ्यांत कडक पहारा बसवला. ब्रिटिशांच्या काळात रेल्वे स्टेशनांवर हिंदूंचे पाणी वेगळे आणि मुसलमानांचे वेगळे असे. आणि महाडला २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह चवदार तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी पिऊन दाखवावे लागले, कारण त्या माणसांना ते पिऊ दिले जात नव्हते. पाण्याचा इतिहास काही थंड नाही.

पण दुसरीही परंपरा आपलीच आहे. मोहरममध्ये करबलाच्या तहानेची आठवण म्हणून सबील लावतात. जो येईल त्याला पाणी, नाव-गाव विचारायचे नाही. अक्षय तृतीयेला पाण्याने भरलेला घट दान देतात. खानदेश-विदर्भात तर आखितीनंतरच नव्या माठाचे पाणी प्यायचे अशी जुनी रीत. चौकाचौकात पाणपोया लागतात. त्यावर लावणाऱ्याचे नाव मोठ्या अक्षरांत असते, असू द्या. पिणाऱ्याचे नाव विचारत नाहीत, हे महत्त्वाचे.

म्हणून माझे सांगणे एवढेच. यंदा उन्हाळा लागायच्या आधी कुंभारवाड्यात जा. चाकावर बसणारी मुले आता फार उरलेली नाहीत. एका माठामागे माती आणणे, मळणे, थापणे, वाळवणे, भाजणे एवढी कामे असतात, आणि अवकाळी पावसाची एक सर भट्टीआधीचे सगळे कच्चे मडके पुन्हा चिखल करून टाकते. तेव्हा घासाघीस जरा कमी करा. टिचकी मारून नाद ऐका, बोट ओले करून पाहा, रंगाला भुलू नका. दोन माठ घ्या. एक घरात खिडकीपाशी ठेवा आणि दुसरा दाराबाहेर, सावलीत. झाकण आणि पेल्यासकट. कुरिअर घेऊन येणारा पोरगा, मीटर वाचायला येणारा, भंगार गोळा करणारी बाई, यांना तुमच्या फ्रिजचे दार उघडता येत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)